बिग बँडमध्ये माम्बो वाजवताना: क्लावेची बाजू, तालवाद्यांची वाटणी आणि नेहमी चुकणाऱ्या जागा

चार्ट (बँडसाठी लिहिलेली स्वरलिपी) चांगला, ट्रम्पेट सुरात, सॅक्सची तालीम झालेली, तरीही माम्बो जड वाटतो. बहुतेक वेळा कारण तालवाद्यांच्या कोपऱ्यात असतं. कोंगा आणि बोंगो (हाताने वाजवायचे ड्रम), टिंबाली (पत्र्याच्या अंगाचे, काठ्यांनी वाजवायचे ड्रम) आणि ड्रमसेट असे चार जण एकाच वेळी तेच काम करतात, आणि त्यातला एकजण क्लावेच्या, म्हणजे सगळ्यांनी धरायच्या दोन बारांच्या मूळ ठोक्यांच्या, उलट्या बाजूला असतो. खाली दिलेला क्रम क्यूबा-न्यूयॉर्क घराण्याच्या माम्बो आणि चाचाचा या नाचाच्या प्रकारांसाठी आहे. ब्राझिलच्या सांबाचं गणित वेगळं आहे, त्याबद्दल शेवटी.

मोजणीची एकच पद्धत ठेवू. चार मात्रांचा एक बार, त्यात आठ समान घरं: १ ते ८. मात्रा पडतात १, ३, ५, ७ या घरांवर. बाकीची घरं मधली. ही घरं अगदी सरळ असतात, स्विंगसारखी लांब-आखूड नाहीत. पुढचं सगळं याच आकड्यांत आहे.

१. तालमीच्या आधी: वाद्यं आणि जागा

कोंगाच्या जोडीत मधला कोंगा आणि खालचा तुंबा घ्या. मुंबईच्या स्टुडिओत सगळ्याच कोंगांना ‘तुंबा’ म्हणायची सवय आहे. इथे मात्र तुंबा म्हणजे जोडीतला मोठा, खर्ज ड्रम, आणि तालमीत सगळ्यांनी हाच अर्थ धरावा. दोघांमध्ये षड्ज-मध्यमाचं अंतर ठेवा: तुंबा मंद्र पंचमावर असेल तर कोंगा षड्जावर. अंतर याहून कमी झालं की दूर बसलेल्या ट्रॉम्बोनला दोन्ही ड्रम एकच वाटतात.

सूर लावताना प्रत्येक नट अर्धा फेरा, ओळीने गोल फिरत. एकच नट ताणला तर कातडं एका बाजूने ओढलं जातं आणि स्लॅप (बोटं आपटून काढलेला कोरडा ठोका) फाटका येतो. खऱ्या कातड्याचे ड्रम पावसाळ्यात मुंबई-गोव्यात हमखास उतरतात. ते हॉलमध्ये आणून अर्धा तास उघडे ठेवा आणि मगच लावा. गाडीतून काढून लगेच लावलेला सूर दुसऱ्या गाण्यापर्यंत टिकत नाही. कार्यक्रम संपल्यावर नट सैल करून ठेवा.

बोंगोचा लहान ड्रम, माचो, खूप ताणलेला हवा, बोटाच्या टोकाने वाजवला तरी टक्क आला पाहिजे. टिंबालीला टोक नसलेल्या, बारीक, सरळ काठ्या लागतात. ड्रमसेटच्या जाड काठ्यांनी पत्र्याच्या अंगाचा आवाज भसाडा येतो. बेल (काउबेल, काठीने वाजवायची घंटा) दोन हव्यात: टिंबालीवर बसवलेली माम्बो बेल आणि बोंगोवाल्याच्या हातातली मोठी बेल. एकच बेल दोघांत फिरवायची वेळ आली तर मोंटुनो (गाण्याचा पुन्हा-पुन्हा फिरणारा, सोलोंचा भाग) सुरू होताना एकजण हमखास रिकाम्या हाताने बसतो.

जागेचं गणित सोपं आहे. बास, पियानो, ड्रमसेट आणि तिन्ही तालवाद्यं दोन मीटरच्या आत, एकमेकांचे हात दिसतील अशी. तालवाद्यं ट्रॉम्बोनच्या मागे ढकलली तर कोंगावाल्याला बास ऐकूच येत नाही, मग तो ड्रमसेटच्या हाय-हॅटला (पायाने मिटणाऱ्या जोड-झांजेला) धरून वाजवतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

इशारा: अंगठ्या काढा, नखं कापा. स्लॅपला अंगठी लागली तर कातडं आणि बोट, दोन्ही जातात.

२. चार्ट हातात आला की आधी क्लावेची बाजू ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

क्लावे दोन बारांचा असतो. एका बारात तीन ठोके: १, ४, ७. दुसऱ्यात दोन ठोके: ३, ५. तीनच्या बारापासून सुरुवात झाली तर ३-२, दोनच्या बारापासून झाली तर २-३. हा सोन क्लावे. रुंबा क्लावेत तीनच्या बारातला शेवटचा ठोका ७ वरून ८ वर सरकतो, बाकी सगळं तेच. मोठ्या बँडच्या माम्बो चार्टमध्ये सोन क्लावेच धरून चाला, रुंबा स्पष्ट लिहिला असेल तरच वाजवा.

तालवाद्यांच्या पार्टवर अनेकदा नुसत्या तिरप्या रेघा आणि वर ‘लॅटिन’ एवढंच असतं. बाजू लिहिलेली नसते, ती धुनीतून काढावी लागते:

(अ) मुख्य धून चार बार गा आणि धुनीतले जोरदार स्वर कुठल्या घरांवर आहेत ते पेन्सिलीने लिहा.

(आ) ज्या बारात ४ वर ठळक स्वर आहे तो बहुधा तीनच्या बाजूचा. ज्या बारात ३ आणि ५ सरळ मात्रेवर वाजतात तो दोनच्या बाजूचा.

(इ) पियानोचा मोंटुनो (इथे अर्थ पियानोची फिरत राहणारी चाल) लिहिलेला असेल तर काम आणखी सोपं. २-३ मध्ये नेहमी दिसणारी रचना अशी: पहिल्या बारात १, ३, ४, ६, ८ आणि दुसऱ्यात २, ४, ६, ८. ज्या बारात १ वर स्वर आहे तो दोनच्या बाजूचा. दुसरा बार सगळा मधल्या घरांत असतो, तो तीनच्या बाजूचा.

(ई) खात्री करण्यासाठी धून गात गात टाळीने क्लावे धरा, आधी एका बाजूने, मग उलट. चुकीच्या बाजूला टाळी आणि धून सतत एकमेकांना अडवतात. योग्य बाजूला गाणं स्वतः पुढे सरकतं.

बाजू ठरली की सगळ्यांच्या पार्टवर लाल पेनाने लिहा: ‘२-३’ किंवा ‘३-२’, आणि प्रत्येक रिहर्सल लेटरपाशी (गाण्याचे भाग दाखवणाऱ्या A, B, C अशा अक्षरापाशी) त्या बाराची बाजू. कारण क्लावे मधे कधीच उलटत नाही, पण गाण्याचा भाग उलट्या बाजूने सुरू होऊ शकतो. सात बारांची सुरुवात किंवा नऊ बारांचा मधला तुकडा आला की पुढचा भाग दुसऱ्या बाजूने उघडतो. बार मोजा, विषम संख्येवर गोल करा. इथे तालवाद्यांनी काहीही बदलायचं नाही, नुसतं चालू ठेवायचं. बहुतेक बँड इथे ‘नव्या भागाला नवी सुरुवात’ म्हणून क्लावे पुन्हा पहिल्यापासून धरतात आणि तिथून सगळं उलटं जातं.

तपासा: बँडमधल्या कुणालाही कुठल्याही लेटरपाशी थांबवून ‘आता कुठली बाजू?’ विचारा. उत्तर आलं नाही तर पुढे जाऊ नका.

३. समेची सवय इथे कशी आडवी येते

तबला, ढोलकी वाजवलेला हात समेवर वजन देतो, तुकडा वाजवून समेवर येतो. माम्बोत वजन १ वर नसतं. बास ४ आणि ७ वर वाजतो, ७ चा स्वर पुढच्या बाराच्या १ वरून ओढून नेतो आणि पुढच्या बाराची कॉर्ड ७ वरच आणतो. कोंगाचे उघडे (हात लगेच उचलून घुमू दिलेले) ठोके ७ आणि ८ वर. म्हणजे जोर १ च्या आधी पडतो आणि १ मोकळा राहतो.

त्यामुळे दोन चुका ठरलेल्या. एक, बासवाला ‘पाया हवा’ म्हणून १ वर स्वर देतो. लगेच गाण्याची धाव थांबते. दुसरी, कोंगावाला बदलाच्या आधी तिहाईसारखा तुकडा घेऊन १ वर जोरात येतो. कान समाधानी होतो, पण बासचा ओढलेला स्वर आणि पियानोची चाल तिथेच तुटतात.

उपाय: पाय फक्त १ आणि ५ वर आपटा, बारात दोनदा. चारही मात्रांवर पाय नको, आणि जाझच्या सवयीने ३ आणि ७ वर तर मुळीच नको. पाय १ वर आहे म्हणून हाताला १ वर जायची गरज उरत नाही.

४. प्रत्येकाचा ठेका

कोंगा. उजव्या हाताने लिहिणाऱ्यासाठी तुम्बाओ, म्हणजे कोंगाचा मूळ ठेका, असा:

१ – डावा, तळहाताची टाच
२ – डावा, बोटं
३ – उजवा, स्लॅप
४ – डावा, बोटं
५ – डावा, टाच
६ – डावा, बोटं
७ – उजवा, उघडा टोन
८ – उजवा, उघडा टोन

टाच आणि बोटांचे ठोके श्रोत्याला ऐकू येणं अपेक्षितच नाही, ते वादकासाठी आहेत. ऐकू जायला हवेत ३, ७ आणि ८. ढोलकीच्या वादकाकडून इथे सगळीच घरं सारखी भरली जातात आणि ठेका नुसता खडखडाट होतो. स्लॅप म्हणजे कडेवर किनार वाजवणं नव्हे: बोटं किंचित वाकवून ती कातड्यावर आपटून दाबून ठेवायची. त्यात सूर नसतो. सूर आला तर तो टोन झाला. आणि हात दुखत असेल तर जोर जास्त आहे, जागा चुकली आहे. तळव्याची कड ड्रमच्या काठापाशी आणा.

दोन ड्रम असतील तर तीनच्या बाजूच्या बारात ४ वर तुंब्याचा एक उघडा टोन द्या. दोनच्या बाजूच्या बारात तुंबा नको.

बोंगो. आठही घरं सतत, हलकी. जोर १ आणि ५ वर लहान ड्रमवर, आणि ७ वर मोठ्या ड्रमवर. बोंगोवर इतर दोघांपेक्षा जास्त मोकळीक असते, पण ती गायक किंवा सोलो थांबल्यावर घ्यायची.

टिंबाली. उजवी काठी ड्रमच्या पत्र्यावर कास्कारा नावाचा ठेका वाजवते, तो दोन बारांचा असतो आणि त्यालाही बाजू असते. डावा हात ३ वर कडेवर आडवी काठी आणि ७ वर मोठ्या ड्रमचा उघडा ठोका. कास्कारा उलट्या बाराने सुरू करणं ही टिंबालीवाल्याची सगळ्यात महागडी चूक आहे, कारण सगळा बँड पत्र्याच्या आवाजाकडे कान लावून असतो. सुरुवातीला दुसऱ्या कुणाकडून क्लावेच्या काठ्या वाजवून घ्या आणि त्यावर कास्कारा बसवा.

ग्विरो (खाचांवर काठी घासून वाजवायचं वाद्य) चाचाचात लागतो: १ वर लांब ओढ, ३ आणि ४ वर दोन छोट्या, ५ वर लांब, ७ आणि ८ वर छोट्या. टिंबालीवाला छोट्या बेलवर सरळ चार मात्रा देतो. चाचाचा मात्रेच्या ११० ते १३० गतीत राहतो. वेग वाढला की ग्विरोची लांब ओढ घाईत येते, तीच सगळ्यात आधी ऐकू येणारी खूण आहे.

५. ड्रमसेटचं काय करायचं

दोन रचना प्रचलित आहेत. १९४० साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या गायक मचितोच्या बँडमध्ये जाझ ड्रमसेट नव्हता, टिंबाली, बोंगो आणि पुढे कोंगा एवढंच. १९४७ साली जाझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या बिग बँडमध्ये जाझ ड्रमर होताच, त्याच्याशेजारी क्यूबन तालवादक चानो पोझोचे कोंगा आले. तुमच्याकडे कुठली रचना आहे ते आधी ठरवा, कारण दोन्हींचं वाटप वेगळं आहे.

टिंबालीवाला स्वतंत्र असेल तर ड्रमरने काउबेल आणि कास्कारा सोडून द्यावा. त्याच्याकडे उरतं: मोठ्या ड्रमवर ४ ला हलका ठोका, बारीक झांज आणि ब्रासच्या हिट्स (ब्रासचे एकत्र, जोरदार ठोके). ते कमी वाटलं तरी पुरतं. आणि गाण्याच्या पहिल्या आठ बारांत तो गप्प राहिला तरी काही बिघडत नाही.

टिंबालीवाला नसेल, एकच तालवादक असेल, तर त्याला कोंगाच द्या. ड्रमरने उजव्या हाताने मिटलेल्या हाय-हॅटवर किंवा फ्लोअर टॉमच्या अंगावर कास्कारा, डाव्या हाताने ३ वर आडवी काठी, ७-८ वर टॉम, मोठा ड्रम ४ वर. कोंगा ७-८ वाजवतच असेल तर ड्रमरचे टॉम काढा, नाहीतर दोघांचे उघडे ठोके एकमेकांना खातात.

इशारा: पायाने हाय-हॅट ३ आणि ७ वर मिटवण्याची जाझची सवय इथे बंद. ती चालू राहिली की सॅक्स सेक्शन नकळत स्विंग करायला लागतो, आणि दोष सॅक्सला दिला जातो.

६. गाण्याचे भाग आणि वाद्यांची अदलाबदल

धून आणि पहिल्या गायनाखाली: कोंगाचा तुम्बाओ, बोंगो, टिंबाली पत्र्यावर.

मोंटुनो, सोलो, ब्रासचे रिफ: बोंगोवाला बोंगो सोडून हातातली मोठी बेल घेतो, तिच्या तोंडावर १ आणि ५, मधले ठोके मानेवर. त्याच क्षणी टिंबालीवाला माम्बो बेलवर जातो. कोंगा दोन ड्रमांवर. दोन्ही बेल एकदम आल्या की बँडची पातळी आपोआप चढते. मुद्दाम जोर लावायचा नाही.

पियानोचा किंवा बासचा सोलो: बेल बंद, पुन्हा पत्रा आणि बोंगो.

हे बदल कुठल्या लेटरला होतात ते पार्टवर लिहा. टिंबालीवाला आधीच्या बाराच्या शेवटी छोटा रोल घेऊन पुढच्या १ वर रिमशॉट (कातडं आणि कड एकदम) देतो, याला आबानिको म्हणतात. हा फक्त भाग बदलताना. दर आठ बारांनी दिला तर तो बदलाची खूण उरतच नाही.

ब्रासच्या हिट्स ड्रमर आणि टिंबालीवाल्याने घ्यायच्या. कोंगा हिटमध्ये सहभागी होत नाही, तुम्बाओ चालू ठेवतो. तिघांनी मिळून हिट घेतली तर हिटनंतरच्या अर्ध्या बारात काहीच वाजत नसतं आणि ट्रॉम्बोन उशिरा येतात. सगळ्या बँडचा एकत्र ब्रेक लिहिलेला असेल तरच कोंगाही थांबतो.

तालमीत आवाज बसवताना मायक्रोफोन एकच असेल तर तो दोन कोंगांच्या मधे, कातड्यापासून १५ ते २० सेंटिमीटर वर. बेलला मायक्रोफोन लागत नाही, ती ट्रम्पेटच्या वरही ऐकू जाते.

७. लॅटिनमधून स्विंग आणि परत

बिग बँडच्या चार्टमध्ये हे हमखास येतं: धून लॅटिनमध्ये, मधला आठ किंवा सोळा बारांचा भाग स्विंगमध्ये. क्रम असा ठेवा:

अ. शेवटच्या लॅटिन बारात बास ७ चा स्वर पुढे ओढत नाही. ७ वर थांबून स्विंगच्या १ वर नव्याने उतरतो. हा एकच बदल विसरला की चालती बास पहिला बारभर अडखळते.

आ. कोंगा स्विंगच्या १ च्या आधी संपतो. स्विंगमध्ये वाजवायचंच असेल तर ३ वर स्लॅप आणि ७ वर एक टोन, बस्स. आठ घरं सरळ भरत राहिला तर ड्रमरच्या राइड झांजेशी लढाई होते.

इ. ड्रमर स्विंगच्या १ पासून राइडवर, हाय-हॅट ३ आणि ७ वर. आता ती सवय हवीच आहे.

ई. परतताना कोंगाने स्विंगच्या शेवटच्या बारात ७-८ चे दोन उघडे टोन सरळ द्यावेत, स्विंग करून नव्हे. त्या दोन ठोक्यांवरून सगळ्यांना नवी चाल कळते.

उ. क्लावेची बाजू: स्विंगचे बार सम संख्येत असतील तर लॅटिन जिथे सोडलं तिथून पुढे चालू. विषम असतील तर परतताना बाजू बदलते. पेन्सिलीने आधीच लिहा.

तपासा: हा जोड एकटाच दहा वेळा वाजवा, आधी चार बार, नंतर चार बार. पूर्ण गाणं वाजवून हा जोड कधीच सुधारत नाही.

८. तालमीचा क्रम

सगळा बँड एकदम सुरू करू नका. एकेक थर चढवा:

पहिला थर, क्लावे आणि बास. मेट्रोनोम फक्त १ आणि ५ वर, मिनिटाला ७० ठोके. दोन मिनिटं न थांबता. बास १ वर घसरत असेल तर इथेच कळतं.

दुसरा, कोंगा. बासचा ७ आणि कोंगाचा ७ एकत्र पडतात का ते ऐका.

तिसरा, पियानो. चौथा, टिंबाली आणि बोंगो. पाचव्यात सॅक्स, मग ट्रॉम्बोन, शेवटी ट्रम्पेट. माम्बोच्या रिफमध्ये प्रत्येक सेक्शनचा स्वतंत्र तुकडा असतो, म्हणून प्रत्येक सेक्शन नुसत्या तालवाद्यांबरोबर एकदा वाजवून घ्या. मधल्या घरांवरचे स्वर आखूड तोडायचे. लांब धरले की पुढचा स्वर उशिरा येतो.

गती दर फेरीला पाच ठोक्यांनी वाढवा, ९० ते ११० पर्यंत. वाढवताना कोंगाचा स्लॅप बारीक झाला तर एक पायरी खाली या.

प्रत्येक थर फोनवर रेकॉर्ड करा, हॉलच्या मागच्या भिंतीपाशी ठेवून. ऐकताना तीनच गोष्टी शोधा: कोंगाचे ७-८ स्पष्ट आहेत का, १ मोकळा आहे का, बेल बदलताना वेग वाढला का. शेवटची गोष्ट जवळपास प्रत्येक बँडमध्ये होते, कारण बोंगोवाला बेल उचलायच्या घाईत शेवटचा बार आखडतो. त्याला शेवटच्या बारात बोंगो सोडायची परवानगी द्या. टिंबालीचा रोल ती जागा भरून काढतो.

चार्टवर ‘सांबा’ किंवा ‘बोसा’ असेल तर

वरचं बाजूचं गणित तिथे लावू नका. सांबा दोन मात्रांचा, मोठ्या सुर्दोचा (सांबातल्या खर्ज ड्रमचा) खणखणीत ठोका दुसऱ्या मात्रेवर आणि पहिल्या मात्रेवर दाबलेला, बंद ठोका. कोंगाचा तुम्बाओ, माम्बो बेल आणि कास्कारा तिथे बसत नाहीत. कोंगावाल्याला शेकर किंवा तांबोरीम (काठीने वाजवायचा छोटा ड्रम) द्या, ड्रमरच्या मोठ्या ड्रमला सुर्दोचं काम, आणि बासला दुसऱ्या मात्रेवर वजन.